साठा, भरवसा आणि मीटरची जागा

गॅसचा मीटर स्वयंपाकघरातून काढून बाहेरच्या भिंतीवर नेला की किती जागा सुटते? टेपने मोजले तर ओट्याखालचा किंवा खिडकीशेजारचा हातभर कोपरा. मुंबई-पुण्यात घराची दुरुस्ती काढणारी कुटुंबे एवढ्या कोपऱ्यासाठी गॅस कंपनीकडे अर्ज करतात, शुल्क भरतात आणि तिथे कपाट बसवून घेतात. जालना जिल्ह्यातल्या बहुतेक घरांपुढे हा प्रश्न अजून आलेला नाही. इथला स्वयंपाक सिलिंडरवर चालतो आणि गावोगाव चूलही पेटते. पण समृद्धी महामार्गाच्या कडेने ‘गेल’ कंपनीची मुंबई–नागपूर–झारसुगुडा वायुवाहिनी याच जिल्ह्याच्या भुईतून गेली आहे, त्यामुळे नळाने येणारा गॅस आणि त्याच्यामागून येणारा मीटर इथल्या घरांच्या दारात उभा राहणे ही आता काळाची बाब आहे. तो येण्याआधी इथल्या घरांचा इतिहास तपासून पाहावा असे मला वाटते. या इतिहासातून एक गोष्ट ठळकपणे दिसते. जालन्याच्या घरात सर्वांत जास्त जागा व्यापली ती साठ्याने: धान्याच्या, सरपणाच्या, पाण्याच्या. पुरवठ्यावर भरवसा बसला तेव्हाच साठा घराबाहेर गेला आणि भरवसा तुटला तेव्हा तो परत आला. म्हणून मीटर कुठे लावायचा, या प्रश्नाआधी भरवसा कुठून आणायचा हा प्रश्न येतो.

भोकरदन, जाफराबाद, अंबड, परतूर या भागांतले जुने घर डोळ्यांपुढे आणले तर हे लगेच कळते. जाड मातीच्या भिंती, वर धाबे किंवा माळवद, धूर जायला आणि उजेड यायला माळवदाला ठेवलेले साणे. आत ओसरी, माजघर, आणि एका कडेला चूल-वैल. पण घराचा मोठा भाग माणसांच्या वाट्याला येत नसे. धान्यासाठी भिंतीआड बांधून काढलेले बळद असे, कणग्या असत, डाळी-साळीसाठी मडक्यांची उतरंड असे. ज्वारीचे पेव जमिनीच्या पोटात खणलेले असे. परसात गोवऱ्यांची रास, शेजारी पऱ्हाट्यांची आणि तुराट्यांची गंजी, बाभळीचे फोडलेले सरपण, ज्वारीची धसकटे. मृगाच्या आधी यातले निम्मे-अर्धे आडोशाला, म्हणजे घरातच, घ्यावे लागे. ओल्या गोवरीवर भाकर भाजत नाही. पावसाळ्याचे चार महिने घरात माणसे, जनावरे आणि जळण एकाच छपराखाली राहत. जालना शहरात, कुंडलिकेच्या दोन्ही काठांवरच्या जुन्या जालन्यात आणि कादराबादेत, वाड्यांची रचना वेगळी होती, तरी साठ्याचा हिशेब तोच होता. व्यापाऱ्याच्या वाड्यात तर खालचा मजला मालाचा आणि वरचा माणसांचा.

हा साठा कशासाठी होता, हे समजून घेतल्याशिवाय त्याला अडगळ म्हणणे अन्यायाचे आहे. हा मुलूख पावसाच्या लहरीवर जगणारा आहे. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर, १८९९-१९०० मध्ये पडलेला, ‘छप्पन्नचा’ म्हणून ओळखला जाणारा दुष्काळ दख्खनभर पसरला होता. त्याच सुमारास निजामाच्या राज्यातली हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वे जालन्यातून मनमाडपर्यंत पोहोचली. रेल्वेने पेठेची उलाढाल वाढवली, ‘जालना सोन्याचा पालना’ या जुन्या म्हणीला नवे बळ दिले, कापूस बाहेर गेला आणि रॉकेलचे डबे आत आले. पण रेल्वेचा रूळ पेठेपर्यंत होता. घनसावंगीच्या किंवा मंठ्याच्या खेड्यातल्या बाईला उद्याच्या भाकरीची ज्वारी आणि ती भाजायचे जळण आपल्याच भिंतींच्या आत दिसले पाहिजे, यात काडीचा फरक पडला नव्हता. १९७२ च्या दुष्काळाने बळदे आणि पेवे रिकामी केली. त्यानंतर रेशनच्या दुकानाचा आधार जसजसा पक्का होत गेला आणि शेतात पैशाची पिके वाढली, तसतशी बळदे वापरातून गेली. भिंती पाडून खोल्या मोठ्या झाल्या. ही जागा कोणी आराखडा काढून मोकळी केली नाही. धान्य दुकानात मिळेल हा भरवसा बसला आणि बळद आपोआप निकामी झाले.

पाण्याची कहाणी हीच गोष्ट उलट्या बाजूने सांगते, आणि माझ्या म्हणण्याचा सर्वांत भक्कम पुरावा तीच आहे. मलिक अंबरच्या काळात, सतराव्या शतकात, जमशेदखानाने जालन्याला मोती तलाव बांधला आणि जमिनीखालून नळ घालून पाणी शहरातल्या हौदांपर्यंत आणले. निजामाच्या अखेरच्या काळात घाणेवाडीचा जलाशय झाला; त्याचे पाणी उताराने, पंपाविना शहरात येई. म्हणजे ज्या शहरात गॅसचा नळ अजून नवलाचा आहे, तिथे पाण्याचा नळ तीन-चार शतकांचा जुना आहे. साठा घराबाहेर, तलावात, आणि घरात फक्त धार, ही कल्पना जालन्याला मुंबईकडून शिकावी लागलेली नाही. पण शहर वाढले, तलावांत गाळ साचला, आणि २०१२-१३ च्या दुष्काळात घाणेवाडी आटला तेव्हा शहर टँकरवर आले. नळाला कित्येक दिवसांआड पाणी येऊ लागले की घरात काय घडते, ते जालनेकरांना सांगायला नको. न्हाणीत, जिन्याखाली, गच्चीवर, ओट्याखाली टाक्या आणि ड्रम उभे राहतात. बळदाने सोडलेली जागा पाण्याने घेतली. नळ होता, जोडणी होती, नळपट्टीही भरली जात होती. नव्हता तो भरवसा. नळाची धार बेभरवशाची झाली की नळ असलेले घरही साठ्याचेच घर होते.

मीटरचा इतिहास या चौकटीत ठेवून पाहिला तर त्याचा अर्थ उलगडतो. लंडनमध्ये १८१२ मध्ये गॅस विकणारी कंपनी उभी राहिली तेव्हा मीटर नव्हते. किती दिवे, किती तास जळणार, यावर पैसे ठरत. १८१५ मध्ये सॅम्युअल क्लेग याने पाण्याने भरलेल्या पिंपात फिरणारा मीटर तयार केला. पुढे कातडी भात्यांचे कोरडे मीटर आले. आजच्या घरगुती मीटरचेही तत्त्व तेच आहे. आतले पडद्याचे कप्पे आळीपाळीने भरतात आणि रिकामे होतात, आणि त्या हालचालीवरून किती घनमीटर गॅस गेला हे आकड्यांवर दिसते. मुंबईत १८६० च्या दशकात बॉम्बे गॅस कंपनीने कोळशापासून गॅस काढून रस्त्यावरचे दिवे पेटवले आणि नंतर घराघरांतही नळाने गॅस दिला. लालबागच्या कारखान्यात गॅसच्या प्रचंड टाक्या होत्या. तो साठा मुंबईकराच्या घरातला नव्हता; तो कंपनीच्या आवारात होता, आणि घरात उरला होता तो फक्त मीटर. म्हणजे मीटर हे साठा घराबाहेर गेल्याचे चिन्ह आहे. घरात साठा असतो तेव्हा मोजायला डोळे पुरतात: रास किती उरली, डबा किती हलका झाला. साठा दुसऱ्याच्या ताब्यात गेला की मोजायला यंत्र लागते. मुंबईला हे शंभर-दीडशे वर्षांपूर्वी मिळाले, जालन्याला मिळाले नाही. संस्थानी मुलखातल्या या पेठेला गॅस कंपनी लाभली नाही आणि जळणाचा साठा घरातच राहिला.

सिलिंडर आला तेव्हा हा साठा आटोपशीर झाला, पण संपला नाही. बर्मा शेलने १९५५ मध्ये मुंबईत ‘बर्शेन’ नावाने सिलिंडरचा गॅस आणला, इंडियन ऑइलचा ‘इंडेन’ १९६५ मध्ये आला. पुढची दोन-अडीच दशके कनेक्शनसाठी वर्षानुवर्षे यादीत थांबावे लागे आणि खासदारांच्या कोट्यातून मिळालेले कनेक्शन भाग्याचे समजले जाई. गॅसबरोबर उभा ओटा आला, ओट्याखाली सिलिंडरचा खण आला, बसून करायचा स्वयंपाक उभ्याने होऊ लागला. या खणात १४.२ किलो गॅस मावतो. परसातली गोवऱ्यांची अख्खी रास एका लोखंडी टाकीत आली, ही जागेच्या दृष्टीने मोठीच क्रांती होती. तरी लवकरच एकाच्या जागी दोन सिलिंडरांची मागणी सुरू झाली, कारण संपलेला सिलिंडर कधी बदलून मिळेल याची खात्री नव्हती. दुसरा सिलिंडर हा नव्या काळातला बळदच होता. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली, घरातल्या बाईच्या नावाने कनेक्शन मिळाले, ही गोष्ट मोलाची झाली. पण भरलेल्या सिलिंडरची किंमत एकरकमी द्यावी लागते, आणि कापूस किंवा सोयाबीन विकल्याशिवाय खेड्यात तेवढी रोकड हाताशी नसते. म्हणून चूल विझली नाही आणि परसातली गंजीही हलली नाही.

त्या गंजीची किंमत घराबाहेरही मोजावी लागते, याकडे फारसे लक्ष जात नाही. जालना हा कपाशीचा जिल्हा आहे. वेचणी संपली की पऱ्हाट्या उपटून घराजवळ किंवा बांधावर रचून ठेवायच्या आणि वर्षभर जाळायच्या, ही इथली जुनी रीत आहे. जळण फुकटचे, जागा परसातली, यात तोटा कसला असे वाटते. पण शेंदरी बोंडअळी याच पऱ्हाट्यांतल्या वाळक्या बोंडांत दबा धरून राहते आणि पुढच्या हंगामात नव्या कपाशीवर जाते. २०१७ मध्ये महाराष्ट्रात बोंडअळीने जो घात केला त्यानंतर कृषी विभाग आणि कृषी विद्यापीठे सातत्याने सांगत आली आहेत की पऱ्हाट्यांच्या गंजी शेतात आणि घराजवळ ठेवू नका, त्यांचा वेळेत नायनाट करा. हा सल्ला शास्त्राला धरून आहे. पण ज्या घरात पुढचा सिलिंडर कधी घेता येईल हे ठाऊक नाही, त्या घराने गंजी मोडावी कशी? परसातली जागा, चुलीपुढच्या बाईची फुप्फुसे आणि शेजारच्या शेतातली कपाशी हे सगळे एकाच धाग्याला बांधलेले आहे, आणि तो धागा पुरवठ्याच्या भरवशाचा आहे.

गॅसच्या मीटरसाठी वीज हे अगदी जवळचे उदाहरण आहे, कारण तिथे मीटर हलवण्याचा प्रयोग होऊन गेला आहे. वीज घरात साठवायची नसल्यामुळे तिने आल्याआल्या रॉकेलचा डबा, कंदील आणि चिमण्या कोनाड्यातून हलवल्या. मीटर मात्र आत होता: ओसरीत, दरवाजावर, लाकडी फळीवर. रीडिंग घेणारा माणूस घरात यायचा. पुढे मीटर बाहेर नेण्याचे धोरण आले. भिंतीवरच्या पेट्या, इमारतीत जिन्याखालचे मीटरबोर्ड, काही ठिकाणी तर खांबावरच्या पेट्या. कंपनीच्या दृष्टीने कारण स्वच्छ होते: वाचन सोपे, चोरीला आळा. पण केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २००६ च्या मीटरविषयक विनियमांत एक तरतूद आहे, जी मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत शहाणपणाची वाटते. मीटर ग्राहकाच्या जागेबाहेर लावला तर किती वीज वापरली जात आहे हे दाखवणारा दर्शक कंपनीने घरात द्यावा, असे तो नियम सांगतो. यंत्र बाहेर न्या, पण माहिती आत ठेवा. कारण मीटर ज्याच्या नजरेआड जातो त्याच्या हातून हिशेबही जातो. गोवऱ्यांची रास पाहून घरातली बाई पुढच्या महिन्याचा अंदाज बांधू शकत होती. बिल येईपर्यंत खर्च न कळणारे घर त्या बाबतीत एक पाऊल मागे गेलेले असते.

खेड्यांत आणखी एक नमुना होऊन गेला आहे, तो गोबरगॅसचा. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने प्रसार केलेल्या तरंगत्या टोपीच्या संयंत्रात गॅस तयार झाला की लोखंडी टोपी वर उचलली जाते आणि वापरला की खाली बसते. साठा घराबाहेर, मालकी घराची, आणि किती गॅस उरला आहे हे टोपीच्या उंचीवरून लांबूनही दिसते. मीटरची गरजच नाही. लालबागच्या टाक्यांचे तत्त्व शेतकऱ्याच्या गोठ्यामागे आले होते. ही योजना अनेक ठिकाणी बंद पडली, कारण तिला रोज शेण लागते, रोज पाणी लागते, आणि दुष्काळी वर्षात जनावरे विकावी लागली की दोन्ही आटतात. पण तिने एक धडा दिला. साठा, मोजमाप आणि ताबा या तिन्ही गोष्टी एकाच वेळी घराबाहेर गेल्याच पाहिजेत असे नाही. साठा बाहेर नेऊन मोजमाप घरच्यांच्या नजरेत ठेवता येते.

आता यावरच्या आक्षेपांकडे येतो. पहिला आक्षेप असा की साठा हाच या मुलखाचा शहाणपणा आहे; दुष्काळी जिल्ह्यातल्या माणसाला नळाच्या आणि कंपनीच्या भरवशावर राहा म्हणणे म्हणजे त्याची ढाल काढून घेणे. या आक्षेपात तथ्य आहे, आणि घाणेवाडीचा आटलेला तळ त्याच्या बाजूने साक्ष देतो. म्हणूनच साठा टाकून द्या असे माझे म्हणणे नाही. साठा सार्वजनिक झाला पाहिजे, एवढेच म्हणणे आहे. दहा हजार घरांनी प्रत्येकी एक जादा सिलिंडर ठेवण्याऐवजी शहराच्या वाहिनीला पर्यायी पुरवठ्याची सोय असेल आणि बंद पडल्यास किती वेळात सुरू होईल याची लेखी हमी असेल, तर घराचा कोपरा खऱ्या अर्थाने मोकळा होईल. हमी नसेल तर मीटरही राहील आणि सिलिंडरही. जागा सुटण्याऐवजी आणखी अडेल. नळ येऊनही ड्रम वाढलेल्या शहराला हे वेगळे सांगायला नको.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा आहे. बाहेरचा मीटर उन्हापावसात खराब होईल, कोणीही झडपेशी खेळेल, त्यापेक्षा तो आत बरा, असे लोक म्हणतात. इथे दोन वायूंचा स्वभाव लक्षात घेतला पाहिजे. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर जमिनीलगत साचतो. नळाने येणारा नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका असतो. तो वर चढतो आणि छताजवळ मोकळी वाट असेल तर निघून जातो. म्हणून मीटर कपाटात कोंडणे, त्याच्यापुढे लाकडी दार लावून ओटा सुबक करणे, हीच खरी धोक्याची गोष्ट आहे, आणि जागेच्या हव्यासापायी नेमके तेच केले जाते. छताशी जाळी असलेल्या, उन्हाची थेट झळ न लागणाऱ्या बाहेरच्या कोनाड्यात, कुलपाच्या पण हवेशीर पेटीत मीटर असेल आणि घरात शेगडीजवळ वेगळी झडप असेल, तर आत ठेवण्यापेक्षा तो अधिक सुरक्षित राहतो. जुन्या माळवदाचे साणे धूर वर जातो हे ओळखूनच ठेवलेले होते. नव्या स्लॅबच्या घरांत ते गेले आणि त्याची जागा भरून काढणारी वाट छताशी ठेवली गेली पाहिजे. आणि मीटर आपल्या मनाने हलवायचा नसतो. जोडणी सोडवणे, नवी नळी टाकणे, दाब देऊन गळती तपासणे हे कंपनीच्या माणसांचे काम आहे. ओळखीच्या प्लंबरकडून ते उरकून घेणे म्हणजे चार पैशांसाठी शेजाऱ्यांचाही जीव टांगणीला लावणे.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा: गॅसचा नळ घरोघर पोहोचलेलाच नाही, मग आजच हा खटाटोप कशाला? याचे उत्तर घरे आज बांधली जात आहेत, हे आहे. जालन्याची नगरपालिका २०२३ मध्ये महानगरपालिका झाली. वसाहती वाढत आहेत, जुने वाडे पाडून इमारती उठत आहेत. आज बांधलेली भिंत पन्नास वर्षे उभी राहील. बांधकाम परवानगी देतानाच बाहेरच्या भिंतीत हवेशीर कोनाडा, नळीसाठी वाट आणि स्वयंपाकघराच्या छताशी झरोका मागितला, तर खर्च नगण्य आहे; हेच पुढे भिंत फोडून करायचे ठरवले की अर्ज, शुल्क, धूळ आणि मोडतोड आली. मुंबई-पुण्यातल्या घरांना मीटर हलवावा लागतो, कारण तो लावताना कोणी विचार केला नाही. जालन्याला विचार करायला अवधी मिळाला आहे. उशिरा येण्याचा एवढा फायदा तरी आपण घेतला पाहिजे.

म्हणून माझे मागणे असे आहे. मीटर घराबाहेर जावा, पण त्याचा आकडा घरात दिसावा, वीजमीटरच्या नियमात मान्य झालेले तत्त्व गॅसलाही लागू व्हावे. पुरवठ्याची हमी मीटरइतकीच नेमकी आणि तपासता येईल अशी असावी. गॅसचे पैसे हंगामाच्या रोकडीप्रमाणे भरण्याची मुभा खेड्यातल्या घराला मिळावी, नाहीतर नळ दारात येऊनही पऱ्हाट्यांची गंजी परसातून हलणार नाही. या अटी पुऱ्या झाल्या तर घरात मोकळी होणारी जागा हातभर कोपऱ्यापुरती राहणार नाही. दुसरा सिलिंडर जाईल, सरपणाचा आडोसा जाईल, आणि सरपण गोळा करणे, वाळवणे, रचणे, आत घेणे यात जाणारा बायकांचा वेळही सुटेल. बळद गेले तेव्हा घराला खोली मिळाली. जळणाचा साठा गेला तर त्या खोलीत मुलगी अभ्यासाला बसू शकेल, आणि तिच्या आईला तिच्याशेजारी बसायला सवड असेल. मीटरची जागा ठरवताना नगररचनाकारांनी, कंपन्यांनी आणि घरमालकांनी हे माप धरावे.